नेत्रविकारांची चित्रमय नोंद ठेवणारे तंजावरचे सरफोजीराजे

रुग्णाचा डोळा तपासायचा, विकाराची स्थिती लिहून ठेवायची, डोळ्याचे चित्र त्या नोंदीला जोडायचे आणि उपचारांनंतर पुन्हा पडताळणी करायची, ही आजच्या कोणत्याही नेत्ररुग्णालयातील नित्याची पद्धत आहे. त्यासाठी भिंगे, प्रकाशझोत आणि कॅमेरे यांनी सज्ज यंत्रे वापरली जातात. यांपैकी बहुतेक साधने अस्तित्वात नव्हती, छायाचित्रणाचाही शोध लागलेला नव्हता, त्या काळात कावेरीकाठच्या एका मराठी दरबारात हेच काम लेखणी आणि कुंचला यांच्या साहाय्याने चालत होते. तो दरबार होता तंजावरचे राजे सरफोजी भोसले, दुसरे यांचा.

२४ सप्टेंबर १७७७ रोजी जन्मलेले आणि ७ मार्च १८३२ रोजी निधन पावलेले सरफोजीराजे सरस्वती महाल ग्रंथालयाचे संवर्धक म्हणून सर्वत्र ओळखले जातात. संगीत, चित्रकला आणि साहित्य यांचे आश्रयदाते म्हणूनही त्यांचे नाव घेतले जाते. त्यांच्या वैद्यकीय कार्याची, विशेषतः नेत्रवैद्यकातील कार्याची ओळख मात्र महाराष्ट्रात फारशी नाही. राज्यकारभाराचा अधिकार हातातून गेल्यावर या राजाने निरीक्षण आणि नोंद यांनाच आपला राजधर्म मानले. त्या नोंदी दोन शतकांनंतरही शाबूत आहेत.

दत्तकपुत्राचे खडतर बालपण

छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७५च्या सुमारास तंजावरची गादी मिळवली आणि तमिळ प्रदेशात मराठी राजवट सुरू झाली. शंभर वर्षांनी या राज्याची स्थिती बिकट झाली होती. १७७३ मध्ये अर्काटच्या नबाबाने ईस्ट इंडिया कंपनीच्या मदतीने तंजावर जिंकले. १७७६ मध्ये ते तुळजाराजे दुसरे यांना परत मिळाले खरे, परंतु त्यानंतर कंपनीच्या आधाराशिवाय गादी टिकणे कठीण झाले. १७८१ मध्ये हैदरअलीच्या स्वारीने कावेरीचा सुपीक खोराही उजाड झाला.

तुळजाराजांना वारस उरला नव्हता. १७८७ मध्ये त्यांनी भोसले कुळातील सरफोजी या मुलास दत्तक घेतले. मुलाच्या पालनाचा भार त्यांनी ज्या व्यक्तीवर सोपवला, ती निवड असाधारण होती. ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक ट्रांकेबारच्या डॅनिश मिशनमार्फत दक्षिणेत आले होते आणि तमिळ, मराठीसह अनेक भाषा जाणत होते. त्यांच्या सचोटीबद्दल राजे आणि कंपनी या दोघांनाही सारखाच विश्वास वाटत असे.

दत्तकविधानानंतर थोड्याच काळात तुळजाराजांचे निधन झाले. त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकाच्या वैधतेला आव्हान दिले. पंडितांनी दत्तक अशास्त्र ठरवला आणि कंपनीने अमरसिंहांना गादीवर बसवले. पुढची काही वर्षे बालक सरफोजी राजवाड्यातच जवळजवळ बंदिवासात होते. शिक्षणाची सोय नव्हती आणि जिवालाही धोका होता. श्वार्ट्झ यांनी मद्रास सरकारकडे वारंवार दाद मागितली. अखेर १७९३ मध्ये सरफोजींना आणि तुळजाराजांच्या राण्यांना मद्रासला हलवण्यात आले. तेथे विल्हेल्म गेरिके या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे रीतसर शिक्षण झाले. इंग्रजी भाषेबरोबर गणित, भूगोल आणि निसर्गविज्ञान यांची गोडी याच वर्षांत लागली.

दत्तकाचा प्रश्न पुन्हा पंडितांपुढे गेला आणि या वेळी निर्णय सरफोजींच्या बाजूने लागला. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ यांचे निधन झाले. ज्या मुलासाठी त्यांनी दहा वर्षे खटपट केली, त्याचा राज्याभिषेक पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. २९ जून १७९८ रोजी सरफोजी गादीवर आले. पुढे त्यांनी प्रसिद्ध इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून श्वार्ट्झ यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरू आणि भेटीस आलेला तरुण राजा असे ते शिल्प आजही तंजावरच्या चर्चमध्ये आहे. गुरूविषयीच्या या कृतज्ञतेतही सरफोजींनी आपला शैव कुलधर्म सोडला नाही. १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख त्यांनीच बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवर कोरवून घेतला.

राज्य गेले, किल्ला उरला

गादीवर आल्यानंतर सव्वा वर्षातच, २५ ऑक्टोबर १७९९ रोजी, सरफोजींना कंपनीशी तह करावा लागला. महसूल, न्याय आणि संरक्षण हे सारे अधिकार कंपनीकडे गेले. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लाख होनांची नेमणूक आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. वयाच्या बाविसाव्या वर्षी ते नावाचे राजे उरले.

अशा तहांनंतर देशातील अनेक संस्थानिक ऐषआरामात बुडाले किंवा मानापमानाच्या कज्ज्यांत गुंतले. सरफोजींनी उरलेले उत्पन्न आणि वेळ विद्येकडे वळवला. या निवडीला राजकीय मर्यादाही होती. कंपनीच्या मर्जीविना त्यांना किल्ल्याबाहेर फारसे काही करता येत नव्हते. ब्रिटिशांच्या नेपोलियनवरील विजयाच्या स्मरणार्थ समुद्रकिनाऱ्यावर मनोरा उभारणाऱ्या या राजाला सत्तेचे वास्तव पुरते कळले होते. परंतु अन्नछत्रे, पाठशाळा आणि रुग्णसेवा यांत कंपनीला आक्षेप घेण्याजोगे काही नव्हते. राजांनी नेमके तेच क्षेत्र आपले मानले.

रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे ही तंजावरच्या मराठी राजघराण्याची जुनी परंपरा होती. यात्रेकरूंना जातपात न पाहता अन्न मिळावे, आजारी पडलेल्यास वैद्य आणि औषध मिळावे, मुलांना शिक्षण मिळावे, अशी त्यांची व्यवस्था असे. या छत्रांचा कारभार कंपनीने हिरावून घेऊ नये, यासाठी १८०१ मध्ये सरफोजींनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना सविस्तर पत्र लिहून त्यांचे महत्त्व पटवले. ओरत्तनाडू येथील मुक्तांबा छत्र त्यांच्याच काळात उभे राहिले.

ग्रंथ, उपकरणे आणि हस्तिदंती सांगाडा

टॉरिन मायदेशी परतल्यावरही राजांचा त्यांच्याशी संबंध टिकला. इंग्लंडहून ग्रंथ आणि शास्त्रीय उपकरणे मिळवण्याचा तो मार्ग ठरला. इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन अशा अनेक भाषांतील ग्रंथ तंजावरला येऊ लागले. त्यांपैकी कितीतरी ग्रंथांवर राजांची सही आहे.

मार्च १८२६ मध्ये कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आले. त्यांच्या सोबत्यांनी लिहिलेल्या वर्णनावरून राजांच्या ग्रंथालयाचे चित्र उभे राहते. खांबांच्या तीन रांगा असलेले प्रशस्त दालन, भिंतीवर शहाजी आणि शिवाजी यांच्यापासूनच्या भोसले पुरुषांची चित्रे, युरोपीय ग्रंथांची दहा कपाटे आणि मराठी, संस्कृत हस्तलिखितांची आणखी दोन. शेजारच्या दालनात हवा उपसण्याचा पंप, विद्युतयंत्र, खगोलनिरीक्षणाची साधने आणि मानवी शरीराचा हस्तिदंती सांगाडा होता. तेथील बऱ्याच ग्रंथांचा विषय वैद्यक होता. लाव्हाझिएचे रसायन आणि लिनिअसचे वनस्पतिशास्त्र यांविषयी राजे सहज बोलत, याचे हेबर यांना मोठे नवल वाटले.

हस्तिदंती सांगाड्यामागे त्या काळाची एक अडचण होती. शरीररचना शिकायची तर अस्थी हाताळल्या पाहिजेत आणि रूढीप्रमाणे मृताच्या अस्थींचा स्पर्श विटाळ मानला जाई. हस्तिदंताचा सांगाडा ही त्यातून काढलेली वाट होती. रूढी मोडली नाही आणि अभ्यासही थांबला नाही. युरोपीय विद्येकडे पाहण्याची सरफोजींची पद्धत सर्वत्र अशीच दिसते.

धन्वंतरी महाल

राजांच्या वैद्यकीय कार्याचे केंद्र होते धन्वंतरी महाल. येथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. माणसांबरोबर जनावरांसाठीही औषधे तयार होत. वनौषधींची रंगीत चित्रे काढून घेतली जात. एखादा उपाय परंपरेने चालत आला आहे एवढ्यावर समाधान न मानता तो रुग्णावर वापरून परिणाम पाहावा आणि मगच नोंदवावा, असा या संस्थेचा दंडक होता.

अनुभवाला उतरलेले उपचार पुढे तमिळ पद्यांत गुंफण्यात आले. शरभेंद्र हे सरफोजींच्या नावाचे संस्कृत रूप. त्यावरून या संग्रहाला ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ असे नाव मिळाले. संग्रहाचे विभाग रोगांनुसार पाडलेले असून त्यांतील एक नेत्ररोगांच्या चिकित्सेसाठी राखलेला आहे. तमिळ पद्य निवडण्यामागे व्यवहार होता. गावोगावचे वैद्य तमिळ जाणत आणि पद्य पाठ करणे त्यांना सोपे जाई.

डोळ्याचे चित्र हाच पुरावा

नेत्रविकारांकडे राजांचे विशेष लक्ष होते. उन्हाने तापलेल्या, धुळीच्या प्रदेशात डोळ्यांचे आजार सार्वत्रिक होते आणि मोतीबिंदूमुळे येणारे अंधत्व म्हणजे कष्टकरी माणसाच्या उपजीविकेचा शेवट होता.

मोतीबिंदूत बाहुलीमागील नैसर्गिक भिंग गढूळ होते आणि प्रकाश आत पोहोचत नाही. त्यावर सुश्रुतसंहितेत शलाकेचा उपाय सांगितला आहे. बारीक शलाका डोळ्यात घालून गढूळ झालेला भाग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारायचा, अशी ती क्रिया. युरोपातही शतकानुशतके अशीच पद्धत रूढ होती. अठराव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शल्यविशारद झाक दाव्हिएल यांनी छेद घेऊन गढूळ भिंगच बाहेर काढण्याची रीत रुजवली. सरफोजींच्या काळात या दोन्ही पद्धती जगात चालू होत्या. भूल देण्याची सोय मात्र कोठेही नव्हती. ईथरची भूल १८४६ मध्ये आली आणि डोळा बधिर करण्यासाठी कोकेनचा वापर १८८४ मध्ये सुरू झाला. जंतुसंसर्गाची कल्पनाही अद्याप वैद्यकात मान्य झालेली नव्हती. नैसर्गिक भिंग गेल्यामुळे डोळ्याची प्रकाश एकवटण्याची शक्ती घटे आणि स्पष्ट दिसण्यासाठी जाड बहिर्गोल चष्मा लागे. डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवण्याची शस्त्रक्रिया १९४९ पर्यंत झालेली नव्हती.

अशा परिस्थितीत तंजावरला नेत्ररुग्णांवर शस्त्रक्रिया होत होत्या. राजे शस्त्रक्रियेची पेटी नेहमी सोबत बाळगत आणि मोतीबिंदू स्वतः काढत, असे मानले जाते. त्यांच्या पदरी युरोपीय वैद्यही होते. या कामाचा सर्वांत मोलाचा अवशेष म्हणजे सरस्वती महालात जपलेली इंग्रजी रुग्णपत्रके. रुग्ण कोण, त्रास कोणता, उपाय काय केला आणि पुढे काय झाले, हे त्यांत क्रमवार लिहिलेले आहे. त्यांच्या जोडीला दरबारी चित्रकारांनी रंगवलेली विकारग्रस्त डोळ्यांची चित्रे आहेत.

ही चित्रे काढणे सोपे काम नव्हते. तंजावरची चित्रशैली सोन्याचा वर्ख, खडे आणि देवमूर्तींच्या ठरावीक घडणीसाठी प्रसिद्ध आहे. त्या परंपरेत वाढलेल्या चित्रकारांना आता वनस्पतीचे पान, पक्ष्याचे पीस किंवा रुग्णाचा डोळा जसा दिसतो तसाच कागदावर उतरवायचा होता. बुबुळावरील पांढुरका डाग, पापणीची सूज, बाहुलीतील गढूळपणा यांत कल्पनेला वाव नव्हता. चित्र चुकले तर नोंद चुकली.

या कागदांचे महत्त्व कालक्रम पाहिला की स्पष्ट होते. डागेर यांचे छायाचित्रणाचे तंत्र १८३९ मध्ये, म्हणजे सरफोजींच्या निधनानंतर सात वर्षांनी जाहीर झाले. डोळ्याच्या आतला पडदा जिवंत माणसात पाहता येईल असे हेल्महोल्ट्झ यांचे उपकरण १८५१ मध्ये आले. त्यापूर्वी वैद्याला डोळ्याचा केवळ पुढचा भाग दिसत असे आणि त्याची आठवण मनातच ठेवावी लागे. चित्रामुळे ती आठवण कागदावर आली. दुसऱ्या वैद्याला ती पाहता आली, आधीची आणि नंतरची स्थिती ताडून पाहता आली. आजची नेत्रप्रतिमा याच गरजेतून जन्मली आहे. भिंगे, आरसे आणि प्रकाशसंवेदक यांमुळे अचूकता कैक पटींनी वाढली, पण प्रतिमा रुग्णाच्या इतिहासाला जोडण्याचे तत्त्व तेच आहे.

त्याच काळात दक्षिणेत आणखी एक आरंभ झाला. १८१९ मध्ये मद्रासला कंपनी सरकारने नेत्ररुग्णालय स्थापन केले. लंडनच्या मूरफील्ड्स रुग्णालयानंतरच्या जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याची गणना होते. त्या संस्थेमागे सरकार होते, म्हणून ती टिकली आणि वाढली. धन्वंतरी महालामागे एक माणूस होता.

मराठीतून नवे ज्ञान

पाहिलेले आणि शिकलेले लोकांपर्यंत जावे, हा राजांचा दुसरा ध्यास होता. १८०५ मध्ये त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना सुरू केला. दक्षिण भारतातील तो पहिला देवनागरी छापखाना मानला जातो. १८०६ मध्ये तेथे इसापच्या गोष्टींचा ‘बालबोध मुक्तावली’ हा मराठी अनुवाद छापला गेला. मराठीतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत त्याची गणना होते. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि मुंबईत मराठी ग्रंथमुद्रणाचा उदय व्हायचा होता.

राजांनी स्वतःही मराठीत लेखन केले. ‘देवेंद्र कुरवंजी’ हे त्यांचे नाटक त्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा लोकप्रिय प्रकार. त्यात डोंगरवासी कुरव समाजातील भविष्य सांगणारी स्त्री येते आणि आपल्या मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी त्या स्त्रीच्या तोंडी जगाचा भूगोल घातला. तमिळ नाट्यप्रकार, मराठी भाषा आणि युरोपीय नकाशातून आलेले ज्ञान यांचा असा मेळ अन्यत्र क्वचितच आढळतो. दरबारातील पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथही याच नोंदी ठेवण्याच्या वृत्तीतून आला.

१८२० मध्ये राजे मोठ्या लवाजम्यासह काशीयात्रेला निघाले. परतताना त्यांनी हस्तलिखितांचा मोठा संग्रह सोबत आणला. नायक राजांच्या काळापासून चालत आलेले राजवाड्यातील ग्रंथालय यामुळे देशातील अग्रगण्य संग्रहांत गणले जाऊ लागले. लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले.

६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केले आणि मराठी वृत्तपत्रसृष्टीचा प्रारंभ झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ७ मार्च रोजी, तंजावरला सरफोजीराजे कालवश झाले.

कागदांचे नशीब

त्यांचे पुत्र शिवाजीराजे दुसरे गादीवर आले. १८५५ मध्ये ते निपुत्रिक वारले आणि कंपनीने तंजावरचे राज्य खालसा केले. राजवाड्यातील खासगी मालमत्तेवरही जप्ती आली. राणी कामाक्षीबाई यांनी त्याविरुद्ध न्यायालयात दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ही कृती राज्यसत्तेची असल्याने न्यायालयांच्या कक्षेबाहेर असल्याचे ठरवले. पुढे सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्याला परत केली. या साऱ्या घालमेलीत ग्रंथसंग्रह विखुरला गेला नाही, ही मोठी भाग्याची गोष्ट.

१८८० मध्ये आर्थर बर्नेल यांची संस्कृत हस्तलिखितांची वर्गीकृत सूची प्रसिद्ध झाली आणि विद्वानांचे लक्ष तंजावरकडे वळले. १९१८ मध्ये ग्रंथालय सार्वजनिक झाले. संस्कृत आणि तमिळ हस्तलिखितांबरोबर तेथे मराठीचे मोठे भांडार आहे आणि मोडी लिपीतील दरबारी कागदांचे असंख्य रुमाल आहेत. मोडी वाचणारे हात कमी झाल्यामुळे त्यांतील पुष्कळ भाग अद्याप अभ्यासकांची वाट पाहत आहे.

नेत्रवैद्यकाच्या पत्रकांकडे वैद्यकीय जगाचे लक्ष मात्र २००३ मध्ये गेले. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाचे संस्थापक डॉ. एस. एस. बद्रीनाथ आणि तंजावरच्या भोसले घराण्याचे वंशज यांच्या भेटीत या कागदांचा विषय निघाला. त्यानंतर नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास करून निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत मांडले. जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी नोंदवलेली लक्षणे आणि रंगवलेले विकार आजच्या डॉक्टरांना ओळखता आले, हीच त्या लेखनिकांच्या आणि चित्रकारांच्या अचूकतेची पावती होती.

धन्वंतरी महालातील शस्त्रक्रियांची परंपरा राजांनंतर पुढे चालली नाही. तिला चालवणारी पाठशाळा, शिष्यवर्ग आणि राजाश्रय हे तिन्ही उरले नाहीत. जे उरले ते लिहून आणि रंगवून ठेवलेले होते म्हणून उरले. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारातील ग्रंथालयात राजांची सही असलेले वैद्यकग्रंथ आणि अनामिक रुग्णांच्या डोळ्यांची ती चित्रे आजही एकाच छताखाली आहेत.